हातांपुरती

सिनेमावाले मार्चात आले, छाटणीच्या ऐन घाईत.
गोष्ट अठराशे एकोणतीसची,
कुठल्याशा जाडजूड कादंबरीवरून घेतलेली:
वाइन करणारी विधवा, पिंपं बांधणारा तिचा प्रियकर
आणि मध्ये वीस वर्षं.
उघड्या वेलींवर त्यांनी
प्लॅस्टिकचे घड तारेने बांधले.
शेजारचा ओनेझिम म्हणाला,
बरंय, यंदा गारपिटीची भीती नाही.

नायिका पॅरिसची. गोड मुलगी.
शेवटच्या भागासाठी तिला सुरकुत्या चिकटवल्या,
चेहरा जमला.
हात जमेनात.
रबराच्या शिरा, कॉफीच्या पाण्याचे डाग,
पण कोयती धरली की वाटायचं
हे हात आत्ता उठून पियानोकडे जातील.
मग कुणीतरी माझं नाव घेतलं:
सोलांज व्हुईमँ, वय एकाहत्तर.
मला निवडलं.
मनगटापर्यंत.

दिग्दर्शक म्हणाला, जरा दुःखाने कापा.
मी म्हटलं, दुःखाने कापली तर काडी चिरते.
दोन डोळे राखायचे, वर तिरका काप,
पाणी डोळ्यावर उतरू नये असा.
कापल्या जागी थेंब धरला, मोठा झाला, पडला.
कॅमेरावाला हरखला: हे कसं केलंत?
मी काही केलं नाही.
मार्चात वेल रडते.
तिचं कुणी गेलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पत्राचा सीन.
मेकअपच्या पोरीला डाव्या अंगठ्याखालचा व्रण दिसला.
झाकू?
राहू दे, म्हटलं.

शहात्तर साल. पाऊस नव्हता, तोडणी लवकर आली.
ओरासियु नावाचा पोर्तुगीज,
माझ्याच ओळीत पलीकडून तोडत यायचा.
पानांतून फक्त त्याचे हात दिसत, आणि त्याला माझे.
त्यातच कात्री लागली.
गळ्यातला रुमाल सोडून त्याने बांधला,
गाठ दातांनी ओढली.
एवढंच.
पत्र टाकतो म्हणाला होता.
नंतर माझं लग्न झालं, चांगलं झालं,
चांगला माणूस होता, थंड पायांचा.

आमच्याकडे पिवळी वाइन करतात.
पिंपात सहा वर्षं आणि तीन महिने.
उडून जाईल तेवढं जाऊ द्यायचं,
वरून भर घालायची नाही,
पिंप हलवायचं नाही,
वर साय धरते ती मोडायची नाही.
लिटरमागे बासष्ट सेंटिलिटर उरतात.
आमची बाटलीच तेवढी असते,
कमी पडल्यासारखं वाटू नये म्हणून.

तर पत्र.
सामानवाल्याने कॉफीत भिजवून पिवळं केलेलं,
लाखेचा शिक्का, आत कोरं.
जन्मात हाती आलेलं पहिलं.
दिग्दर्शक म्हणाला, हात थरथरू द्या.
ते थरथरले नाहीत.
आधी एप्रनला पुसले मी, तळवे, मग पाठी,
मग परत तळवे.
मग शिक्का मोडला.
कट म्हणायला तो विसरला म्हणतात.
मी कोरा कागद शेवटपर्यंत वाचला.

वर्षाने लों गावच्या थिएटरात पहिला खेळ.
पडद्यावर माझे हात केवढे! गाडीएवढे.
त्यांच्या वर त्या मुलीचं तोंड, रडणारं.
संपल्यावर एका तरुणीने उभं राहून विचारलं:
कादंबरी मी तीनदा वाचली.
तो अंगठ्याखालचा व्रण तीत कुठेच नाही.
तो कुठला?
दिग्दर्शकाने माइक तोंडाशी धरला.
तिला काहीतरी भूतकाळ असावा, म्हणाला,
असं आम्हाला वाटलं.

सातव्या रांगेत मी कोटाच्या खिशांत हात घातले.
ओनेझिमने कोपर मारलं.
मी पुढे बघत राहिले.

पडद्यावर पुन्हा नावं सोडली होती त्यांनी, दिवे लागले तरी.
घोडा सांभाळणाऱ्याच्या खाली माझं आलं,
एक अक्षर चुकलेलं.
ओनेझिमने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.
तेव्हा तरी खिशातून काढायला हवे होते.